दुसऱ्या दिवशीची मोजणी

१९ मे, मंगळवार. तीन जारमधला नायट्रोजन मोजून वर भरायचा आहे. दर मंगळवारचं काम. तुम्ही काठी बुडवायचा, मी वहीत आकडा लिहायचे. आज दोन्ही मीच करणार, आणि काठी जागेवर नाही. गेल्या मंगळवारी लाकडी फुटपट्टीनं भागवलं. अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि अजून तुमच्या वस्तू शोधण्यात माझी सकाळ जाते. चिमटा तुमच्या जेवणाच्या पिशवीत. मोजणीच्या काचा चष्म्याच्या घरात. विचारलं की म्हणायचा, "मला सापडतं ना?" सापडायचं. आता कोणाला सापडायचं?

परवा शोकसभा झाली. सगळे बोलले. देवमाणूस काय, ऋषी काय, मुक्या जनावरांचा वाली काय. मलाही बोला म्हणाले. मी म्हणाले, मला काम आहे. होतंच. मे महिन्यात जार दोन बोटं जास्त उतरतात, हे तुम्हीच सांगायचा. शिवाय उभी राहिले असते तर तोंडातून जे निघालं असतं ते वहिनींसमोर बोलण्यासारखं नव्हतं. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. तुम्ही होता तेव्हा रोज चिडत होते, तेव्हा तरी कुठं उपयोग झाला?

नऊ वर्षांपूर्वी मी उमरग्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. तुम्ही गुरांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. स्वतःची साखर तपासायला आलात आणि कौंटरवर कोपर टेकून उभे राहिलात.

"दिवसाला किती काचा बघता बाई?"

"साठ-सत्तर."

"कंटाळा येत न्हाय?"

"येतो."

"मग शेळीच्या पेशी मोजायला या. तिथं कंटाळा येणार न्हाय, डोकं फिरंल."

मला वाटलं म्हातारा गंमत करतो आहे. पंधरा दिवसांनी जळकोटला हायवेपासून जरा आत, संस्थेच्या रिकाम्या गोदामातल्या दोन खोल्यांत मी तुमच्यासमोर बसले होते. टेबल, सूक्ष्मदर्शक, उबवणीचं कपाट, इन्व्हर्टर आणि नायट्रोजनचे तीन जार. डोकं फिरेल हे मात्र तुम्ही खरं बोलला होता.

सोजरबाईंचं विसरले नाही. दोन डझन काळ्या उस्मानाबादी शेळ्या, लांब कानांच्या. एखादी व्यायला झाली की त्यांचा फोन यायचा आणि तुम्ही थर्मास घेऊन फटफटीवर पळायचा. पहिल्या वेळी मी मागं बसून आले होते. सोजरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"वार पुरायची असती डाक्टर. कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची न्हाय. तुमी डबीत घालून नेताव, लई पाप लागंल."

तुम्ही तिथंच शेणात उकिडवे बसलात. "वार तुम्ही पुरा. मला फक्त वीतभर नाळ द्या. तिच्यात अशा पेशी असतात सोजरबाई, की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. कातडी व्हायचं, हाड व्हायचं, का शीर व्हायचं. चिघळलेल्या जखमेत सोडल्या, पायाची शीर फाटलेल्या बैलाला दिल्या, तर कामाला लागतात."

"म्हंजी आमच्या धाकट्यावानी," सोजरबाई म्हणाल्या. "तिशी आली, अजून त्याचं कायबी ठरंना. त्यालाबी न्या डबीत."

परत येताना मी मागून ओरडले, "कामाला लागतात म्हणून सांगू नका. लागतील म्हणावं." तुम्ही म्हणालात, "बाईला 'लागतील' सांगितलं असतं तर नाळ दिली असती का?" तेव्हाच ओळखायला हवं होतं. तुम्हाला उत्तर लगेच हवं असायचं. लोकांना द्यायलाही आणि स्वतःला घ्यायलाही.

नाळेतून पेशी काढणं, बशीत वाढवणं, हे पुष्कळ जण करतात. तुमचा हट्ट वेगळा होता. त्या गोठवायच्या, महिनोन्‌महिने ठेवायच्या आणि जिवंत परत आणायच्या, तेही विजेशिवाय. पेशीत पाणी असतं. घाईनं गोठवलं तर पाण्याच्या सुया होतात आणि पेशी आतून फाटते. फारच रेंगाळलं तर सुकून मरते. मिनिटाला साधारण एक अंश, असं उतरत जावं लागतं. मोठ्या लॅबमध्ये त्याला यंत्र असतं. आपल्याकडं वीज कधी जाईल ते वीज मंडळालाही ठाऊक नसतं. तुम्ही म्हणालात, कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचा जार जनावरांच्या दवाखान्यांत असतोच. जारच्या गळ्यात वरून खाली थंडी वाढत जाते. मग यंत्र कशाला? कुप्या थर्माकोलच्या डबीत घालायच्या, डबी काठीला बांधायची आणि काठीवरच्या खुणांप्रमाणे गळ्यातून खाली सोडत न्यायची. हातात घड्याळ. एक खूण, थांबा. दुसरी खूण, थांबा. काठीच्या एका बाजूला नायट्रोजन मोजायच्या खुणा, दुसऱ्या बाजूला कुप्या सोडायच्या. नऊ वर्षांची अक्कल त्या बांबूच्या पट्टीवर कोरलेली, आणि ती पट्टी तुम्ही कुठंतरी टाकून गेलात.

पेशींना जपणारं औषधही तसंच. गोठताना जपतं आणि ऊब मिळाली की तेच मारायला उठतं. हातमोज्याला बारीक भोक असलं तरी कातडीतून आत शिरतं आणि तोंडाला लसणाची चव येते. तुमच्या तोंडाला कायम लसूण. वहिनींची तक्रार होती, "हे घरी जेवत न्हाईत. बाहेर कुठं तरी ठेचा हाणून येतात." मी त्यांना औषधाचं समजावून सांगितलं तेव्हा त्या जास्तच घाबरल्या. ठेचा परवडला म्हणाल्या.

आणि मग आपलं भांडण. नऊ वर्षं एकच भांडण.

कुपी कोमट पाण्यात धरून वितळवायची, पेशी धुवायच्या, निळा रंग घालायचा आणि काचेवर मोजायच्या. मेलेली पेशी निळी होते. जिवंत असेल ती रंग आत घेत नाही. तुम्ही कानडीत मोजायचा. वाद मराठीत, मोजणी कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... आवाज चढत जायचा. मग खुर्ची मागं ढकलून, "शंभरात ब्याण्णव! लिही!"

"उद्या लिहू."

"ब्याण्णव दिसतायत ना? ये, तू बघ."

"दिसतायत. उद्या बघू किती राहतात."

कारण गोठून उठलेली पेशी लगेच मरत नाही. आतून मोडलेली असली तरी काही तास तग धरते, रंगाला दारातूनच परत लावते, आणि बघणाऱ्याला वाटतं, धडधाकट आहे. खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं. जी बशीच्या तळाला धरून बसली, अंग ताणून लांब झाली, ती जगली. जी गोल होऊन वर तरंगते ती गेली. हे मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. एकदा तुम्ही पाहुण्यांकडं परंड्याला गेलात आणि मी बशी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी मोजलं, अठ्ठेचाळीस. तुम्ही आलात, आकडा बघितलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जसं काही मीच रात्रीतून मारल्या.

"उद्या मोजलं की कमी येतं सुनंदा."

"कमी येतं म्हणूनच उद्या मोजायचं."

"बशीत एका दिवसात शंभर भानगडी होतात. ते माझ्या गोठवण्याच्या माथी कशाला?"

"बैलाच्या पायात सोडल्यावरही उद्या येणारच ना? का बैल आजच उठून शर्यतीला जातो?"

"मॅडम, चहा टाका."

तुम्ही मॅडम म्हणालात की तो वाद त्या दिवसापुरता संपायचा. चहा मी टाकायचे नाही. तुम्हीच टाकायचा, आणि माझ्या कपात मुद्दाम साखर जास्त.

आता गुरुवारचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वहिनींना निम्मंच माहीत आहे.

७ मे, सकाळी अकरा. तुम्ही काठी जारमध्ये सोडत होता. तिसऱ्या खुणेवर थांबलात आणि खुणा सोडून छातीला हात लावलात. डावा हात. घाम उन्हाचा नव्हता, तो मला ओळखू येतो. पुढची जीप थांबवून तुम्हाला उमरग्याला नेलं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता, पण कामाचा होता. छातीची ईसीजी पट्टी काढली, रक्त घेतलं, आणि तासाभरानं म्हणाला, "पट्टी ठीक आहे. पहिलं रक्तही ठीक आहे. पण पहिल्या तपासणीवर आम्ही सोडत नाही. काही तासांनी परत रक्त घेऊ. आज इथंच राहायचं."

मी मान डोलावली. डोलावणारच. ही तपासणी मी स्वतः त्याच गावात कितीतरी जणांची केली होती. पहिली निर्मळ येते, दुसरी बोंब मारते. तुम्ही पलंगावर बसून पायात चप्पल आहे का ते चाचपत होता.

वहिनी आल्या. मी तुम्हाला त्यांच्या हवाली केलं आणि निघाले, कारण चार वाजता नायट्रोजनची गाडी सोलापूरहून जळकोटला येणार होती. तुम्हीच म्हणालात, "गाडी चुकवू नको. जार तळाला लागलेत." मी म्हणाले, "तुम्ही हलू नका म्हणजे झालं." तुम्ही म्हणालात, "हलतोय कुठं?"

चार वाजता मी जळकोटच्या फाट्यावर नायट्रोजनवाल्या रशीदभाईंच्या गाडीपाशी उभी, आणि समोर काळी-पिवळी थांबली. तुम्ही उतरलात. दुरूनच हात हलवत.

"पट्टी ठीक, रक्त ठीक! सही करून आलो."

"दुसरं रक्त?"

"आठ वाजता म्हणाले. आठपर्यंत काय पंख्याच्या पाती मोजत पडू? दुखायचं थांबलंय."

"वहिनी?"

"तिला म्हणालो, डॉक्टरनं सोडलं."

रशीदभाई नळी हातात धरून तुमच्याकडं बघत होते. "डाक्टरसाब, इत्ता पसीना कायकू? बैठो जरा."

"मे महिना है रशीदभाई. तुमकू भी आया है."

"मेरेकू रोज आता. तुमकू आज आया."

त्या माणसाला कळलं. ना पेशी मोजलेला, ना रक्त तपासलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही वाकलात, भरलेल्या जारचा एक कान धरलात आणि माझ्याकडं बघितलंत. भरलेला जार एकट्याला उचलत नाही.

मी दुसरा कान धरला.

एवढंच आहे अण्णा. रशीदभाईंची गाडी पुढं उमरग्यालाच जाणार होती. केबिनमध्ये जागा होती. मी तुमच्या दंडाला धरून आत बसवलं असतं तर तुम्ही फार तर मॅडम म्हणाला असता. मी तसं केलं नाही. मला जार आत न्यायचे होते. नऊ वर्षं तुमच्या कानाशी 'उद्या मोजा, उद्या मोजा' म्हणून ओरडणारी बाई, एका दिवशी तिनंही लगेचच्या आकड्यावर विश्वास ठेवला. पट्टी ठीक. रक्त ठीक. चला, जार उचला.

मग आणलेल्या जारमधून आपले तीन भरताना पुन्हा तेच भांडण. संस्थेनं बोलावलेली समिती पुढच्या आठवड्यात येणार होती, पशुवैद्यकाची तीन जाणती माणसं, पद्धत बघून ठरवणार होती की ती तालुक्याच्या दवाखान्यांत न्यायची का नाही. तुम्हाला त्यांना लगेचची मोजणी दाखवायची होती. मी म्हणाले, फसवणूक आहे. तुम्ही जारवर टोपण ठेवलंत, घाम पुसलात आणि म्हणालात, "उद्या बघू." नऊ वर्षांत पहिल्यांदा 'उद्या बघू' तुमच्या तोंडून निघालं. मला वाटलं, मी जिंकले.

सकाळी सहाला वहिनींचा फोन. "सुनंदा, हे उठंनात गं."

तुमच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, हात मांडीवर. लोक रडत होते आणि माझ्या मनात एकच येत होतं. हा माणूस इतका वेळ एका जागी बसलेला मी पहिल्यांदा बघते आहे. दवाखान्यात आठपर्यंत बसवलं नाही.

आज दहाच्या सुमाराला संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. तुमच्या जाण्यानं पुढं ढकललेली समिती आता शुक्रवारी येणार आहे.

"बाई, अण्णांचा तो नव्वदचा आकडा आहे ना, तेवढा दाखवा. तासाभराचं काम. पाहुण्यांना तुळजापूरला दर्शनालाही जायचंय."

"आणि त्यांना नाही पटलं तर?"

"तर मग काय, जार रेतन केंद्राला देऊन टाकू. गोदाम भाड्यानं मागायला लोक थांबलेत. अण्णा होते तोवर ठीक होतं. आता तुम्ही एकट्या..."

"एकटी असले तरी मोजता येतं मला."

"तेच म्हणतोय. नव्वद मोजा."

फोन ठेवला आणि काठी शोधायला लागले. रागानं कपाटच पुढं ओढलं. मागं भिंतीशी काठी उभी होती. आणि तिच्या खाली कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली शंभर पानी वही. वर तुमच्या अक्षरात 'शेत – फवारणी'. तुमची शेती माझ्या डोक्याबाहेरची, मी कधी उघडणार नाही याची तुम्हाला खात्री.

उघडली. फवारणी कुठली. प्रत्येक पानावर दोन रकाने. एक 'लगेच'. दुसरा 'दुसऱ्या दिवशी'.

जानेवारीपासून. दर रविवारी वितळवलेलं, दर सोमवारी मोजलेलं. सोमवारी तुम्ही माझ्याआधी तासभर येऊन बसायचा. मला वाटायचं, वहिनींशी वाजलं असेल. पहिल्या पानावर लगेच एक्याण्णव, दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. पुढं नव्वद आणि सत्तेचाळीस. खाली बारीक अक्षरात, 'सु. म्हणते ते खरं दिसतंय. इतक्यात सांगायचं न्हाय.'

इतक्यात सांगायचं नाही! मग कधी सांगायचं होतं?

पुढची पानं मी उभ्यानंच वाचली. गोठवायचं औषध निम्म्यावर आणलेलं, उरलेल्याच्या जागी पेशींना जपणारी एक साखर. 'तिसऱ्या खुणेवर जास्त थांबलो.' 'उन्हाळ्यात चौथी खूण खाली घ्यावी.' उजवीकडचे आकडे हळूहळू चढत गेलेले. अठ्ठावन्न. मध्येच एकदा एक्केचाळीस, त्याच्यापुढं 'गाढवपणा, डबीचं झाकण सैल'. मग चौसष्ट. मी काठी उलटी करून बघितली. चौथ्या खुणेखाली नवी खाच आहे, अजून पांढरी. मी रोज ती काठी पुसून ठेवत होते आणि मला दिसली नाही. शेवटच्या पानावर एप्रिलच्या अखेरची एक खेप, बारा कुप्या, आणि दोन्ही रकाने रिकामे. त्यावर लिहिलंय, 'समितीआधी वितळवायची. सु.ला सोबत घेऊन. जिंकलीस म्हणावं.'

वही टेबलावर आपटली. शेजारच्या टायरवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, "काय पडलं मॅडम?" मी म्हणाले, "काही नाही."

तर तुम्हाला माहीत होतं. अजाण असता तर मी माफ केलं असतं. हट्टी म्हातारा, त्याला कळत नव्हतं, असं म्हणून गप्प बसले असते. पण चार महिने दर सोमवारी तुम्ही डोळ्यानं बघत होता, की काल धडधाकट दिसणारं आज बशीत तरंगतं. लिहून ठेवत होता. खाचा कोरत होता. शेळीच्या नाळेतल्या, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीसाठी तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला शिकलात. स्वतःसाठी आठ वाजेपर्यंत थांबता आलं नाही. का? जार तळाला लागले होते म्हणून? मी होते ना फाट्यावर! दुसरा कान धरायला रशीदभाई होते!

आणि एक. 'जिंकलीस' हे तुम्ही तोंडानं म्हणायला हवं होतं. लिहिलेलं मला नको आहे. माझ्या कपात मुद्दाम जास्त साखर घालून म्हणायला हवं होतं.

(पण आकडे स्वच्छ लिहिलेत. वाईट आलेलेही. खोडाखोड नाही. हे मी तुम्हाला शिकवलं असं मी नऊ वर्षं समजत होते. तुम्ही मला उमरग्याच्या कौंटरवरून उचललंत नसतं, तर मी आजही तिथं साठ काचा बघून घरी जात असते आणि कोणाशी एवढं भांडलेही नसते. ते तुमचं. ते मी मानते. राग त्यानं कमी होत नाही.)

दुपारी तिन्ही जार मोजले. साठ्याच्या जारमधून दोन भरले, एकाला अजून लागत नाही. मग त्या खेपेतली एक कुपी काढली. चष्मा, जाड हातमोजे. कुपी कोमट पाण्यात धरून हलवत राहिले, तांदळाच्या कणीएवढा बर्फ उरेपर्यंत. थेंबाथेंबानं पातळ केलं. धुतलं. निळा रंग. काचेवर घेऊन मोजलं.

लगेच, नव्वद.

अध्यक्षांना हवा तोच आकडा. क्षणभर हात फोनकडं गेला, खोटं कशाला बोलू. ही तुमची शेवटची खेप. उद्या त्यातल्या निम्म्या तरंगल्या तर माझं म्हणणं कायमचं खरं ठरणार, आणि जार रेतन केंद्राला जाणार. असं खरं ठरून मला काय करायचं आहे? नव्वद लिहून दिलं तर तुमचं नाव राहतं.

पेशी बशीत घातल्या, उबवणीच्या कपाटात ठेवल्या, इन्व्हर्टरमध्ये पाणी आहे का बघितलं. वहीत डावा रकाना भरला. उजवा तसाच ठेवला. सहा वाजता कुलूप लावायच्या आधी हे लिहिते आहे.

२० मे. आठच्या आत आले. वीज तीनदा गेली होती, कपाटाचा काटा हललेला नव्हता. बशी काढली. तरंगत होत्या काही. पण तळाला बघितलं तर तुरीच्या शेंगेसारख्या लांबट, एकमेकींना टेकून, धरून बसलेल्या. वरचं पाणी ओतून टाकलं, तळाच्या सोडवून घेतल्या, काचेवर मोजायला लागले. निम्मी काच झाल्यावर लक्षात आलं, मी तोंडानं मोजते आहे, आणि कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. वीसच्या पुढं मला येत नाही. पुन्हा पहिल्यापासून मराठीत मोजलं. दोनदा मोजलं. काल घातलेल्या शंभरातल्या शहात्तर.

एका कुपीनं काही सिद्ध होत नाही. अकरा उरल्यात. उजव्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं, शहात्तर.

मग अध्यक्षांना फोन लावला.

"शुक्रवारी पाहुण्यांना म्हणावं, मुक्कामाच्या तयारीनं या. शुक्रवारी त्यांच्यासमोर वितळवीन. शनिवारी सकाळी त्यांनीच मोजायचं."

"अहो बाई, मुक्काम? त्यांना दर्शन..."

"दर्शन शनिवारी दुपारी घ्या म्हणावं. गाद्यांचं मी बघते."

"लगेच काय दिसतं ते दाखवा की!"

"पहिल्या मोजणीवर मी आता कोणालाच सोडत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हातोडी शोधली. ती मात्र जागेवर होती. दाराशेजारी खिळा ठोकला आणि काठी त्याला अडकवली, आत येणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांसमोर येईल अशी.